डावा वायरमनचा, उजवा आपला

मिस्त्रीला एका जागी बसलेलं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली, म्हणजे चौतीस वर्षं वर-खाली करण्यात गेली, आणि तो निवृत्त झाल्याची बातमी त्याच्या पायांना अजून कुणी कळवली नव्हती. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, फोन तर चालत चालतच. बायको शिवणयंत्रावर लोकांच्या पँटी आखूड करत बसलेली असायची आणि हा तिच्याभोवती फेऱ्या मारत असायचा. "अहो, जरा टेका कुठेतरी," ती म्हणायची, "तुमच्याकडे बघून माझा दोरा गुंततो."

एकाच कामासाठी तो बसायचा. खिडकीजवळच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरायचं, सुती हातमोजे चढवायचे आणि लोखंडी कपाटातून टाकसाळीचा एकेक संच काढून भिंगाखाली धरायचा. टाकसाळ दर वर्षी पाच नाण्यांचा असा एक संच काढते. नाणी आरशासारखी चकचकीत, जाड पारदर्शक पाकिटात कायमची बंद. ती बाजारात चालवायची नसतात, नुसती बघायची असतात. सव्वीस वर्षांचे सव्वीस संच त्याने जमवले होते. बायकोच्या मते हा सगळा प्रकार म्हणजे पैसे देऊन पैसे विकत आणणं, आणि आणायचे ते पण खर्च न करता येणारे. यावर मिस्त्री सव्वीस वर्षं नुसते हातमोजे चढवत आला होता.

महिन्यातून एकदा नाणी जमवणारी मंडळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत भेटायची. तिथले मुख्य म्हणजे दातांचे एक डॉक्टर. त्यांच्याकडे सत्तर नंबरची नऊ नाणी होती. हा नंबर काय प्रकार आहे तेवढा सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं घोडं त्याच्यावरच अडणार आहे. नाणं ग्रेडिंगला पाठवलं की तिथले जाणकार ते तपासतात, त्याला सत्तरपैकी नंबर देतात आणि नंबरासकट एका कडक डबीत सीलबंद करून परत पाठवतात. सत्तर म्हणजे निर्दोष. सत्तर आला तर किंमत पाचपट, एकोणसत्तर आला तर फी कशीबशी भरून निघते, आणि त्याखाली आला तर तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. कारण नाणं पाठवायचं म्हणजे टाकसाळीचं पाकीट कापावं लागतं, आणि कापलेलं पाकीट पुन्हा जोडता येत नाही.

मिस्त्रीने आजवर एकही पाकीट कापलं नव्हतं. धीर झाला नव्हता. पण त्याला सत्तर हवा होता. पैशासाठी नव्हे, हे तो स्वतःला बजावून सांगायचा, आणि ते बरंचसं खरंही होतं. आयुष्यभर त्याच्या कामाला लोकांनी एकच दाद दिली होती: लिफ्ट चालू आहे. बंद पडली की नाव निघायचं, चालू असली की कुणाला आठवणही नाही. एकदा तरी कुणीतरी नीट बघून, तपासून, लिहून द्यावं की हे निर्दोष आहे, आणि ते ज्याचं आहे त्याचं नाव हे, अशी त्याची इच्छा होती. चांगलीच जबर होती.

मग एका सोमवारी वहिनींचा फोन आला.

वहिनी म्हणजे वायरमनची बायको. वायरमन आणि मिस्त्री ही कंपनीतली जोडगोळी. हा लोखंड बघणार, तो वीज. वायरमन जाऊन आठ महिने झाले होते.

"भाऊजी, मी पुढच्या सोमवारी मुलीकडे जातेय, कायमची," वहिनी म्हणाल्या. "घर आवरायला घेतलंय. यांचा तो नाण्यांचा संच तुमच्याकडे आहे ना? त्याचं काय करायचं? विकायचा, तसाच ठेवायचा, की ते तुमचं नंबरबिंबर करतात ते करायचं? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही सांगाल तसं करू."

"सांगतो," मिस्त्री म्हणाला. फोन ठेवला आणि घरभर तीन चकरा मारल्या.

गोष्ट अशी होती. बारा वर्षांपूर्वी, दोघं निवृत्त झाले त्या वर्षी, मिस्त्रीच्या नादाने वायरमननेही एक संच घेतला होता. त्याच्या आयुष्यातला एकुलता एक. दोघांनी एकाच रांगेत उभं राहून, एकाच पावतीवर दोन संच घेतले. संचातल्या मोठ्या चांदीच्या नाण्यावर दीपस्तंभ होता. वायरमनचं घर तळमजल्यावर, भिंतींना ओल. म्हणून तो म्हणाला, "माझाही तुझ्याच कपाटात राहू दे." पुढे कळलं की त्या वर्षीचे संच टाकसाळीने फार थोडे काढले होते, आणि भाव चढत गेला.

पाकिटांवर कोणाचं कुठलं हे लिहिलं होतं का? नव्हतं. तुम्ही-आम्ही असतो तर एक चिकटपट्टी लावून मोकळे झालो असतो. पण नाणी जमवणाऱ्यांच्या लेखी टाकसाळीच्या पाकिटावर काही लावणं म्हणजे पापच. शाई नको, चिकटपट्टी नको, रबरबँड तर मुळीच नको, रबराने चांदी काळवंडते. क्रमांक म्हणाल तर त्या वर्षी छापलेले नव्हते. तेव्हा मिस्त्रीने आपल्या परीने चोख व्यवस्था केली होती. वरच्या कप्प्यात दोन्ही शेजारी शेजारी. डावा वायरमनचा, उजवा आपला. नऊ वर्षं ही व्यवस्था चालली. मग घराला रंग काढला, कपाट हलवायचं म्हणून त्याने स्वतः, हातमोजे घालून, सगळे संच काढले, मऊ कापडात गुंडाळले आणि रंग वाळल्यावर परत लावले. इतक्या काळजीने लावले की एकावरही ओरखडा नाही. डावा कुठला आणि उजवा कुठला, एवढंच तेवढं त्या काळजीत राहून गेलं. तेव्हा त्याला याचं काहीच वाटलं नव्हतं. दोन्ही सारखेच तर होते.

फोन ठेवल्यावर त्याने ते दोन्ही काढले, फडकं अंथरलं, भिंग लावलं. उजवा पाहिला. दीपस्तंभामागचं आकाश एकदम काळंभोर, स्वच्छ. मग डावा पाहिला, भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिला. आकाशात, दिव्याच्या थोडं वर, खसखशीच्या दाण्याहून लहान पांढरट ठिपका. दुधी डाग. नव्या चांदीच्या नाण्यांना हा रोग होतो. टाकसाळीतल्या धुण्यात काहीतरी राहून जातं आणि वर्षांनंतर वर येतं. त्यावर इलाज नाही, आणि तो कुणाचा दोषही नाही. नुसत्या डोळ्यांना तो धड दिसतही नाही. पण तपासणाऱ्यांना दिसतो.

म्हणजे आता एक संच सत्तर नंबरचा होता आणि एक नव्हता. आणि कोणाचा कुठला, हे सांगणारं जगात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने बायकोला सांगितलं. तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "त्यात काय एवढं? दोन्ही विका आणि निम्मे-निम्मे करा."

"मला माझा विकायचा नाही. मला पाठवायचाय."

"मग चिठ्ठ्या टाका आणि व्हा मोकळे."

ही युक्ती त्याला पटली. दुपारी ती कपडे पोचवायला गेली तेव्हा त्याने दोन चिठ्ठ्या केल्या, वाटीत टाकल्या, डोळे मिटून एक उचलली. 'डागाचा'. पहिली सरावाची, असं तो स्वतःशी म्हणाला. दुसऱ्यांदा 'स्वच्छ' आली. आता थांबायला हरकत नव्हती. पण त्याला शंका आली की घडी बोटांना ओळखू आली असावी. पोलादी दोराची एक तार तुटली तरी ज्या बोटांना अंधारात कळायचं, त्यांना कागदाची घडी कळणार नाही? म्हणून नव्या चिठ्ठ्या केल्या. मग 'डागाचा'. मग परत 'डागाचा'. मग त्याने वाटी धुऊन ठेवली. बायको आली, तिने केराच्या डब्यातले कागदाचे कपटे पाहिले, मोजले आणि यंत्रावर बसली. तिचं ते मोजणं त्याला फार लागलं.

त्या आठवड्यात मिस्त्रीच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी निघायचा तो जेवायला यायचा, जेवला की पुन्हा बाहेर. कुठे जायचा म्हणाल, तर लिफ्टमध्ये. कचेऱ्यांच्या इमारतीत शिरायचा, सातव्या मजल्यापर्यंत जायचा आणि खाली यायचा. वर जाताना ठरायचं की चांगला आपलाच. रंगकामाच्या वेळी आधी उजवा उचलला असणार, आपला म्हणून, आणि आधी उचललेला आधीच ठेवला असणार, म्हणजे उजवीकडेच. खाली येताना आठवायचं की आधी उचललेला ढिगाच्या तळाशी जातो, म्हणजे तो शेवटी लागला असणार. तळमजला आला की पुन्हा सातचं बटण. चौथ्या फेरीला पहारेकऱ्याने विचारलं, "काका, कुणाकडे जायचंय?"

"दोर वाजतोय," मिस्त्री म्हणाला. "डावीकडचा. कंपनीला कळवा." आणि बाहेर पडला. दोर खरंच वाजत होता, पण तो काही त्यासाठी आला नव्हता.

वायरमनची आठवण या सगळ्यात मधेमधे येत होती आणि ती आली की त्याची चाल वाढायची. लिफ्ट वर-खाली जाते त्या उभ्या बोगद्यात लिफ्टच्या टपावर चढून काम करायचं, तर खाली कुणी लिफ्ट चालू करू नये म्हणून मुख्य खटक्याला कुलूप घालायचं आणि किल्ली एकाने जवळ ठेवायची, असा नियम होता. टपावर मिस्त्री, किल्ली वायरमनच्या खिशात. बावीस वर्षं. एकदा साहेब ओरडत आला, लोक खोळंबलेत, चालू करा. वायरमनने त्याला शांतपणे सांगितलं, "तो उतरला की." साहेबाने पगार कापला. वायरमनने हे मिस्त्रीला सांगितलंही नाही, कारकुनाकडून कळलं. अशा माणसाचा संच आपल्या कपाटात आहे आणि आपण त्यातला चांगला कुठला, वाईट कुठला यावर लिफ्टमध्ये चकरा मारतोय, याची त्याला लाज वाटत होती. पण लाज वाटली म्हणून सत्तरचा मोह काही सुटत नव्हता. दोन्ही एकदम चालू होतं.

गुरुवारी तो दोन्ही संच घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्यात गेला. नुसतं विचारायला, असं त्याने ठरवलं होतं. डॉक्टरांनी दात बघायच्या दिव्याखाली पाकिटं धरली. मग ते म्हणाले, "हा आता मनावर घ्याच, मिस्त्री. हा सत्तर आहे. मी पैज लावतो. आणि हा दुसरा पाठवू नका, फुकट पाकीट फाटेल. आहे तसा विकून टाका, भिंग न वापरणारं कुणीतरी भेटेलच." मग त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "दोन कसे तुमच्याकडे?"

"एक मित्राचा आहे."

"चांगला तुमचा ना?"

"हो," मिस्त्री म्हणाला.

तो शब्द इतक्या सहज निघाला की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. डॉक्टरांनी लगेच वही काढली. रविवारी ते सगळ्यांची नाणी गोळा करून पाठवणार होते. त्यांनी मिस्त्रीचं नाव लिहिलं, पुढे 'दीपस्तंभ, एक नग' असं लिहिलं, आणि कोरा अर्ज, नाणं ठेवायची मऊ पिशवी असं सगळं हातात दिलं. "पाकीट घरीच कापून आणा. सावकाश कापा," ते म्हणाले. "शेवटी तुमचाही नंबर लागला म्हणायचा."

घरी येताना त्याने दोन बस सोडल्या आणि चालत आला. घरी आल्यावर बायकोला म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, दुसराही विकला जाईल. वहिनींना चांगले पैसे येतील."

"दुसरा म्हणजे?"

"म्हणजे तो."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?" तिने पाय यंत्राच्या पॅडलवरून काढला. "तुम्हाला कुणाचा कुठला हे शोधायचंच नाहीये. चांगला तो आपलाच, असं कुणीतरी तुम्हाला सांगायला हवंय. वाटी सांगेना, म्हणून डॉक्टरांकडे गेलात."

मिस्त्रीने बूट काढलेच नव्हते. तो तसाच परत बाहेर पडला.

शनिवारी दुपारी तो वहिनींकडे गेला. पिशवीत दोन्ही संच, भिंग, हातमोजे, कात्री, अर्ज. काय बोलायचं ते त्याने वाटेत चार प्रकारांनी पाठ केलं होतं. पैकी दोन प्रकारांत डागाचा संच वहिनींचा होता, एका प्रकारात निम्मे-निम्मे होतं आणि एकात खरं होतं. कुठला प्रकार वापरायचा ते दार उघडेपर्यंत ठरलेलं नव्हतं.

घर रिकामं झालं होतं. भिंतींवर चौकटींच्या जागा तेवढ्या उजळ दिसत होत्या. वहिनींनी खोक्यावर चहा ठेवला आणि स्वतः दुसऱ्या खोक्यावर बसल्या. मिस्त्रीने तिसऱ्यावर पांढरं फडकं अंथरलं, दोन्ही संच त्यावर ठेवले, आणि त्याच्या तोंडून चौथा प्रकार निघाला. रंगकाम, कपाट, डावा-उजवा, डाग, सगळं. फक्त कुठल्यावर डाग आहे ते अजून सांगितलं नव्हतं.

"बघू," वहिनी म्हणाल्या. त्याने भिंग दिलं. त्यांनी एक पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिला पाहिला. "मला तर दोन्ही सारखेच दिसतायत, भाऊजी. इतकी वर्षं तुम्ही सांभाळलंत, तेच खूप झालं. एक मी घेते, एक तुम्ही घ्या. संपलं." आणि त्यांनी हात पुढे केला तो डाव्याकडे. डागाच्याकडे.

मिस्त्रीला आनंद झाला. खोटं कशाला बोला, चांगला घसघशीत आनंद झाला. त्याने फसवलं नव्हतं, चिठ्ठीही टाकली नव्हती, वहिनींनी स्वतःच तो निवडला होता. आता कुणी काही म्हणू शकत नव्हतं, बायकोही नाही. आठवडाभरात पहिल्यांदा त्याचे पाय जमिनीवर स्वस्थ टेकले. आणि त्या स्वस्थपणाचीच त्याला भीती वाटली. आपल्याला इतकं बरं कशाने वाटलं, हे त्याला लख्ख कळलं होतं.

"वहिनी, तो नको," तो म्हणाला. "डाग त्याच्यावर आहे. हा घ्या."

वहिनींचा हात थांबला. "हा आमचा आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"नाही कळलं. कळणारही नाही. पण तुमचा माझ्याकडे ठेवायला दिला होता. डाग माझ्या कपाटात पडला. ज्याच्याकडे ठेवलं त्याने धड परत द्यायचं असतं, एवढंच मला कळतं."

"डाग तर टाकसाळीचा म्हणालात."

"म्हणालो. आठवडाभर तेच म्हणतोय."

वहिनींनी चांगला संच जवळ ओढला. "बरं. मग याचं काय करू? विकू, ठेवू, की पाठवू?"

ठेवा म्हणणं सोपं होतं, पण ठेवला तर उद्या यालाही डाग फुटू शकतो. विका म्हटलं तर घेणारा दुसऱ्या दिवशी पाकीट कापेल, स्वतःच्या नावाने पाठवेल आणि चौपट कमावेल. मिस्त्रीला दोन्ही ठाऊक होतं. "पाठवा," तो म्हणाला. "डॉक्टर पैज लावतात की सत्तर येईल. मलाही तसंच वाटतं. नंबर लागला की मग विका, घाई करू नका. उद्या मीच देतो नेऊन. त्यांच्या वहीतलं नाव तेवढं बदलावं लागेल."

"कुणाचं नाव आहे?"

"माझं."

हे त्याने सांगायची गरज नव्हती. पण आता सुरुवात झालीच होती. त्याने अर्ज काढला, गुडघ्यावर ठेवला आणि मालकाच्या रकान्यात वायरमनचं नाव लिहिलं, मग ते कंसात घेऊन पुढे वहिनींचं लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

वहिनी बघत होत्या. "हे असते ना, भाऊजी," त्या म्हणाल्या, "तर डागाचा यांनीच उचलला असता. तुम्हाला बोलूही दिलं नसतं."

"हो."

"आणि तुम्ही उचलू दिला असता."

त्याला नाही म्हणता आलं असतं. त्या घरात, त्या रिकाम्या भिंतींसमोर, ते चाललंही असतं.

"हो," मिस्त्री म्हणाला. "दिला असता."

वहिनींनी मान हलवली. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. त्यांनी चहाचे कप उचलून खाली ठेवले, फडक्याची चुणी हाताने सरळ केली आणि चांगला संच त्याच्यापुढे सरकवला.

"कापा तुम्हीच," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला मी हे द्यायची नाही."

मिस्त्रीने हातमोजे चढवले. पाकिटाची कड डोळ्यांना नीट दिसेपर्यंत तो थांबला, आणि मग त्याने कात्री लावली.